अंगणातून जाणारी मॅरेथॉन

सान एराक्लियो गावच्या मॅरेथॉनमध्ये एवेलियो चोक एकदाही धावलेला नाही. तरी या शर्यतीची गोष्ट निघाली की पहिलं नाव त्याचंच निघतं, आणि नाव निघालं की कुणीतरी हसतंच. साठी ओलांडलेला बुटका माणूस, पोट किंचित पुढे, डोक्यावर बारा महिने तीच गवती टोपी. बेकरीचे पाव सायकलवरून घरोघर पोचवण्यात त्याचा जन्म गेला. लोक त्याला तोंडावर आदराने डॉन एवेलियो म्हणतात आणि पाठीमागे वळणवाला. खरं सांगायचं तर तोंडावरही म्हणतात.

त्याचं असं झालं, की तीसेक वर्षांपूर्वी राजधानीकडून येणारा रस्ता पहिल्यांदा डांबरी झाला. नगराध्यक्षांना त्याचा काहीतरी गाजावाजा करायचा होता. रस्त्याची फीत कापून झाली, लाकडी पट्ट्यांचा मारिंबा वाजवून झाला, तरी त्यांचं समाधान होईना. तेव्हा शाळेतल्या कवायतीच्या मास्तरांनी मॅरेथॉनची टूम काढली. चर्चच्या पायऱ्यांपासून निघायचं, उतरून नदीचा पूल गाठायचा, मग कॉफीच्या मळ्यांमधून वेलदोडे वाळवायच्या भट्ट्यांपर्यंत चढायचं. त्या चढाला सगळा मुलूख ‘अरे देवा’ म्हणतो, यावरून काय ते समजावं. पलीकडच्या खेड्याला वळसा घालून दफनभूमीच्या भिंतीकडेने परत यायचं, आणि शेवटी नव्याकोऱ्या हमरस्त्याने नाकासमोर थेट चौकातल्या बागेत.

मार्ग ठरला, पण धावणाऱ्यांच्या पुढे राहून वाट दाखवणार कोण? पोलिसांकडे एक मोटरसायकल होती, ती नेहमीप्रमाणे दुरुस्तीला गेलेली. मास्तर म्हणाले, गावचा कोपरा न् कोपरा ठाऊक असलेला माणूस हवा. सगळ्यांनी एवेलियोकडे बोट दाखवलं. तो तेव्हा नुकती तिशी ओलांडलेला, बिनलग्नाचा. त्याने आदल्या दिवशी सायकल तेलपाणी करून चकचकीत केली आणि भोंग्याला निळी फीत बांधली.

शर्यतीला जेमतेम दोन डझन माणसं होती. त्यांच्यापुढे एवेलियो ऐटीत सायकल हाकत राहिला. पूल झाला, ‘अरे देवा’ झाला, दफनभूमी झाली. कुठेही गडबड नाही. मग हमरस्त्यावरचं औषधाचं दुकान आलं. तिथून बाग समोर दिसते. आंधळ्यानेही सरळ जावं असा रस्ता. पण वर्षानुवर्षं रोज सकाळी एवेलियो त्या कोपऱ्यावर उजवीकडे संत्र्याच्या गल्लीत वळत आला होता. तो वळला. वळताना सवयीने भोंगाही वाजवला, पाव आल्याचा. मागचे बिचारे काय करणार, तेही वळले. भोंगा ऐकून दोन बायका टोपल्या घेऊन दारात आल्या, त्यांनी घामाघूम पुरुषांचा लोंढा पाहिला आणि तशाच आत गेल्या.

गल्ली दोन्या तोमासाच्या, म्हणजे तोमासाबाईच्या, फाटकाशी संपते. फाटक दिसलं तेव्हा एवेलियोच्या चूक लक्षात आली. मागे फिरावं तर गल्ली अरुंद, ती माणसांनी भरलेली. पुढे जायला एकच वाट होती. तोमासाच्या अंगणाला मागे एक दार होतं, ते बाजारच्या रस्त्यावर उघडायचं, आणि तिथून बाग हाकेच्या अंतरावर. फाटकात तोमासाची मुलगी ओदिलिया उभी होती, ओले केस मोकळे सोडून. एवेलियो तिच्या हातात रोज पाव द्यायचा, पण फाटकाच्या आत त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं. सान एराक्लियोत घराला आग लागली तरी माणूस आधी विचारतो आणि मग आत शिरतो. एवेलियो सायकलवरून उतरला, टोपी काढली आणि म्हणाला, “येऊ का?”

ओदिलियाने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या मागच्या गर्दीकडे पाहिलं. “या,” ती म्हणाली. बसा तेवढं म्हणायची राहिली.

त्याच्या मागे शेजारच्या गावचा पोस्टमन पहिल्या नंबरावर होता. त्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती, पण तोही फाटकाशी थबकला आणि म्हणाला, “येऊ का?” मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येकाने विचारलं आणि प्रत्येकाला ओदिलियाने या म्हटलं. चुलीपाशी मक्याच्या टोर्टिया थापत बसलेली तोमासा ओरडली, “ए पोरा, पाव आणलास की पलटण आणलीस?” कोंबड्या उधळल्या, धुण्याची दोरी तुटली. तिसऱ्या नंबरचा धावपटू बागेत पोचला तेव्हा त्याच्या गळ्यात तोमासाचा परकर होता, आणि बक्षीस घेईपर्यंत त्याला त्याचा पत्ता नव्हता.

गाव आठवडाभर हसलं. दुसऱ्या वर्षी मार्ग सरळ करायचा असं ठरलं, तर संत्र्याच्या गल्लीतली मंडळी उठून नगरपालिकेत गेली. “गेल्या वर्षी पाहुणे आमच्याकडे आले,” त्यांचं म्हणणं, “यंदा आम्ही काय त्यांना दारावरून जाऊ द्यायचं?” त्यांनी संत्री सोलून ठेवायचंही ठरवून टाकलं होतं. अशा माणसांशी वाद कसा घालायचा? तेव्हापासून सान एराक्लियोची मॅरेथॉन एका घराच्या अंगणातून जाते.

एवेलियोला त्यानंतर त्या फाटकाशी पाव द्यायला जरा जास्तच वेळ लागू लागला. बाकीच्या गल्ल्यांत पाव गार होऊन पोचायचे, लोक कुरकुरायचे. दीड-दोन वर्षांनी लग्न झालं. तोमासा एकटी पडेल म्हणून तोच तिच्या घरी राहायला गेला, आणि ज्या अंगणात शिरायला त्याला परवानगी मागावी लागली होती तिथे तो घरचा झाला.

दर वर्षी शर्यतीच्या दिवशी त्या घराची एक रीत असते. पहाटे धुण्याची दोरी काढायची, कोंबड्या कोंडायच्या, सणासुदीला पसरतात तशी पाइनची हिरवी पानं अंगणभर पसरायची, दोन्ही दारं सताड उघडायची. पावलांखाली पानं चुरडली की सगळं घर त्या वासाने भरतं. धावणारे येतात, दम खात विचारतात, “येऊ का?” ओदिलिया प्रत्येकाला “या” म्हणते. आता शेकड्यांनी माणसं येतात, दुपारपर्यंत तिचा घसा बसतो, तरी एकालाही ती बिनउत्तराचा सोडत नाही. एकदा एक परदेशी पाहुणा कानात गाणी लावून न विचारता सुसाट आत शिरला. तेव्हा तोमासा जिवंत होती. तिने त्याला काठी आडवी घालून थांबवलं, फाटकाबाहेर नेलं आणि पुन्हा आत यायला लावलं. तो हसत परत आला, विचारून.

या सगळ्यात एवेलियो सुखी होता, एक गोष्ट सोडली तर. वाट दाखवायचं काम त्याला पुन्हा कुणी दिलं नाही. मोटरसायकल दुरुस्त होऊन आली होती. कुणाच्या लग्नाला गेला की कुणीतरी म्हणायचं, नवरदेवाला चर्चची वाट एवेलियोने दाखवू नये म्हणजे झालं. रस्ता विचारणाऱ्याला लोक सांगायचे, वळणवाल्याला सोडून कुणालाही विचार. तो सगळ्यांबरोबर हसायचा. पण आत कुठेतरी ते सलत होतं. आयुष्यात त्याला एकच हवं होतं: सगळ्या गावासमोर, धावपटूंच्या पुढे, त्या औषधाच्या दुकानावरून एकदा सरळ जायचं.

यंदा शर्यतीची सूत्रं डॉक्टर मिर्नाकडे आली. मिर्ना दातांची डॉक्टर. गावातल्या निम्म्या लोकांच्या तोंडात तिचा हात जाऊन आलेला, त्यामुळे तिला उलट बोलणारे कमी. तिने राजधानीतून मापं घेणारा माणूस बोलावला. त्याने सांगितलं, मार्ग लांब आहे. गल्ली आणि अंगणाच्या फेऱ्याने अंतर वाढतं. त्यामुळे इथे कुणी कितीही जोरात धावलं तरी ती वेळ बाहेर कुठे धरली जात नाही. टुकटुक रिक्षा चालवणारा सेल्विन लागोपाठ दोन वर्षं पहिला आला होता. त्याला देशाच्या चमूत जायचं होतं, आणि त्याची वेळ कुणी विचारात घेत नव्हतं. सगळ्यात जास्त तोच डॉक्टरच्या मागे लागला होता.

एका सकाळी पाव घेताना डॉक्टर मिर्ना दारातच म्हणाली, “डॉन एवेलियो, यंदा मार्ग सरळ करतेय. पुढे सायकल घेऊन तुम्ही राहा.”

“मी?”

“तुम्हीच वाकवलात, तुम्हीच सरळ करा. गावालाही बरं वाटेल. जमेल ना? की वळाल?”

“नाही वळणार,” एवेलियो म्हणाला. एवढा आनंद त्याला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. पुढच्या तीन घरी त्याने मोजलेल्यापेक्षा एकेक पाव जास्त दिला.

घरी मात्र ओदिलियाने ऐकून घेतलं आणि काळ्या घेवड्याच्या भांड्यात पळी जरा जोरातच फिरवली.

“म्हणजे आता चूक दुरुस्त करणार तुम्ही,” ती म्हणाली.

“अगं, एकदाच. लोकांची तोंडं बंद होतील.”

“त्या चुकीतून तुम्ही या घरात आलात. मग मी कोण? मी पण चूकच की.”

“तसं कुठं म्हणतोय मी?”

“म्हणायला कशाला हवं. एवढी वर्षं चुकीच्या हातचं जेवलात, अंगाला तर बरंच लागलंय.” तिने त्याच्या पोटाकडे पाहिलं. “जा ना. खुशाल सरळ जा. माझं फाटक बंद राहील, मला तेवढीच झोप मिळेल.”

त्यानंतर त्यांच्यात भांडण झालं नाही, आणि तेच वाईट होतं. ओदिलिया भांडत असली की घर नीट चालतं हे एवेलियोला ठाऊक होतं. आता ती त्याला कॉफी द्यायची, टोपी द्यायची, आणि संभाळून जा म्हणायची. गल्लीतल्या बायकाही घेताना नुसतं पावाचं बूड बघायच्या, करपलाय का ते. त्याला दोन-तीनदा वाटलं, जाऊन डॉक्टरला नाही म्हणावं. पण मनातली ती जुनी खुमखुमी जाईना. नाही म्हटलं असतं तर तो मरेपर्यंत वळणवालाच राहिला असता.

शर्यतीच्या दिवशी पहाटे तो उठला तेव्हा ओदिलिया अंगणात होती. धुण्याची दोरी काढलेली, कोंबड्या कोंडलेल्या, आणि ती वाकून पाइनची पानं पसरत होती.

“हे काय? फाटक बंद ठेवणार होतीस ना?”

तिने हातातली पानं पसरून टाकली. “हातांना सवय लागलीय,” ती म्हणाली. “आता पसरलीयत तर राहू देत.”

त्याने सायकल बाहेर काढली. भोंग्याला निळी फीत बांधली आणि तो निघाला.

चर्चच्या पायऱ्यांशी सेल्विन पाय झटकत उभा होता. “काका,” तो म्हणाला, “आज वळलात तर बघा. माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे.”

“तू तुझं बघ,” एवेलियो म्हणाला.

सायकल निघाली. आता त्याला पूर्वीचा दम नव्हता, ‘अरे देवा’ चढताना जीभ बाहेर आली, पण तो उतरला नाही. मागे सेल्विन आणि राजधानीहून आलेले दोघे-तिघे एकत्र धावत होते, त्यांच्या पावलांचा ठेका त्याच्या कानात होता. कोपऱ्यावर गल्ली अडवायला दोरी बांधायची का, असं कुणीतरी बैठकीत विचारलं होतं. डॉक्टर म्हणाली होती, वळणवालाच सरळ जाणार म्हटल्यावर दोरी कशाला.

दफनभूमी गेली. हमरस्ता लागला. औषधाचं दुकान दिसू लागलं. एवेलियोने हँडल असं गच्च धरलं की बोटं दुखली. कोपरा आला. गल्लीच्या तोंडाशी सोललेल्या संत्र्यांचं टेबल मांडलेलं होतं, दर वर्षीसारखंच. गल्लीतल्या बायकांच्याही हातांना तीच सवय होती. संत्र्यांचा वास नाकात शिरला. सायकलचं चाक थोडं उजवीकडे झुकलंसुद्धा. एवेलियोने डोळे समोरच्या बागेवर रोवले, दात आवळले, आणि तो सरळ गेला.

गेला खरा. त्याने भोंगा वाजवला, एकदा नाही, तीन-चारदा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक होते. त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मग टाळ्या विरत गेल्या. लोक त्याच्या मागे पाहत होते. एवेलियोला वाटलं, त्यांचा अजून विश्वास बसत नाहीय. यंदा फुग्यांची कमान मुद्दाम हमरस्त्याच्या बाजूला उभी केली होती, तिच्याखालून तो थाटात गेला, ब्रेक दाबला आणि पावलांचा ठेका ऐकायला वळला. मागे कुणीही नव्हतं. एक कुत्रा तेवढा आला होता.

तेवढ्यात बागेच्या पलीकडून, बाजारच्या बाजूने, गलका झाला. सेल्विन तिकडून येत होता, त्याच्या मागे राजधानीचे पाहुणे, प्रत्येकाच्या बुटांना पाइनची पानं चिकटलेली. समोर कमानीची पाठ पाहून सेल्विन गोंधळला, आणि दर वर्षी कमान असायची त्या बाकाला हात लावून थांबला.

डॉक्टर मिर्ना धावत आली. “डॉन एवेलियो,” ती म्हणाली, “तुम्ही परत वळलात?”

सगळी बाग हसली. वळणवाल्याने पुन्हा वळवलं ही बातमी चर्चच्या पायऱ्यांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. सरळ आलोय मी, असं एवेलियोला सांगायचं होतं, पण कुणाला सांगणार?

“काका सरळच गेले,” सेल्विन धापा टाकत म्हणाला. तो बाकावर आडवा झाला होता. “मी वळलो. मला दिसत होते ते सरळ जाताना. डोकं म्हणत होतं सरळ जा, आणि पाय वळले. वळल्यावर मग फाटक उघडं, दोन्या ओदिलिया दारात. तिला येऊ का विचारलं, ती या म्हणाली. आता या म्हटल्यावर माघारी कसं फिरायचं, डॉक्टर? बरं दिसतं का ते?”

डॉक्टरने कपाळाला हात लावला. “अरे, तुझीच वेळ गेली ना, गाढवा.”

“गेली.” सेल्विन उताणा पडून आभाळाकडे पाहत म्हणाला, “लांब होतंय तर तिकडच्या टोकाला कापा ना. ‘अरे देवा’च्या वरती. तिथं पाणीसुद्धा कुणी देत नाही.”

मापं घेणारा माणूस जवळच उभा होता. तो म्हणाला, हो, तसंही चालतं. कुणी विचारलंच नाही. नंतर बरेच दिवस त्याचं नाव निघालं की डॉक्टर मिर्ना ओठ मिटायची.

एवेलियोला हे सगळं ऐकू येत होतं आणि तरी त्याचं लक्ष नव्हतं. लोक आता येऊन त्याच्या पाठीवर थापा मारत होते, खरंच सरळ गेलात म्हणत होते. ज्याची त्याने निम्मं आयुष्य वाट पाहिली ते त्याला मिळालं होतं. आणि त्याच्या मनात राहून राहून तो रिकामा हमरस्ताच येत होता, आणि तो कुत्रा. त्याला फार एकटं वाटलं. त्याने सायकल वळवली, तो हमरस्त्याने परत दुकानापर्यंत गेला आणि रोज उजवीकडे वळायचा तो कोपरा या वेळी उलट बाजूने, डावीकडे वळून घेत संत्र्याच्या गल्लीत शिरला.

मागचे धावपटू अजून येतच होते. फाटकाशी रांग लागली होती. एक जाडशी शाळामास्तरीण, दोन शेतकरी भाऊ, आणि नंबर उलटा लावलेला एक म्हातारा. प्रत्येक जण विचारत होता. ओदिलियाचा आवाज बसायला लागला होता. एवेलियो म्हाताऱ्याच्या मागे उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा त्याने सायकल भिंतीला टेकवली आणि टोपी काढली.

ओदिलियाने त्याला पाहिलं. “सरळ गेलात?”

“गेलो.”

“मग?”

“तिकडे कुणी नव्हतं,” एवेलियो म्हणाला. त्याने टोपी छातीशी धरली, आणि ज्या घरात तो एवढी वर्षं न विचारता शिरत आला होता त्याच्या उंबऱ्याशी थांबून म्हणाला, “येऊ का?”

“या,” ती म्हणाली. मागून आणखी कुणी येत नाहीय ना ते तिने पाहिलं, आणि भिंतीशी ठेवलेलं बाकडं शालीच्या टोकाने पुसून त्याच्याकडे सरकवलं. “बसा.”